लक्ष श्वासावर

धाराशिव जिल्ह्याला तेव्हा नळदुर्ग म्हणत आणि इथला सारा निजामाच्या खजिन्यात जमा व्हायचा. त्याच खजिन्यातून १८८९ साली एक हजार पौंड मंजूर झाले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने आपला तज्ज्ञ हैदराबादला पाठवावा आणि क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, याचा एकदाचा निकाल लावावा, म्हणून. हैदराबाद रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी आदल्या वर्षीच कुत्र्यांवर प्रयोग करून जाहीर केलं होतं की आधी श्वास थांबतो, तेव्हा नाडी धरून बसू नका, श्वासाकडे बघा. लंडनवाल्यांना ते पटत नव्हतं. मग लॉडर ब्रंटन बोटीने आले, चारशेहून अधिक प्राण्यांवर क्लोरोफॉर्म चाललं, आणि शेवटी ब्रंटनही लॉरींच्याच बाजूचे झाले. लॉरींच्या वैद्यक शाळेत १८८५ पासून मुलीही शिकत होत्या. त्यांतल्या रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देण्यात तयार झाल्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात.

म्हणजे भुलीबद्दलचा त्या काळातला सगळ्यात मोठा वाद आपल्याच राज्याच्या राजधानीत, आपल्याच पैशाने लढला गेला. नळदुर्गाच्या पायथ्याच्या गावांत मात्र पोराचं गळू फोडायचं तर चौघांनी हातपाय दाबून धरायचे, एवढीच भूल ठाऊक होती. औषध आणि ते देऊन डोळे उघडे ठेवणारा माणूस यांच्यातलं हे अंतर पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत कमी-जास्त होत राहिलं. हा मागोवा त्या अंतराचा आहे.

लॉरींचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाच हृदयाची लय एकाएकी बिघडून माणूस जाऊ शकतो. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला बळी बहुधा तसाच गेला असावा. इंग्लंडमधली हॅना ग्रीनर, वय वर्षं १५, पायाचं नख काढायचं होतं, २८ जानेवारी १८४८. औषध वापरात येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

पण गंमत अशी की मोठ्यांच्या बाबतीत लॉरी चुकले, तरी तान्ह्या मुलांच्या बाबतीत त्यांचं सांगणं आजही खरं आहे. बाळाचं हृदय सहसा आपण होऊन बंद पडत नाही. प्राणवायू कमी पडला की ते मंदावतं, आणि मंदावलं की फार वेळ हातात नसतो. वजनाच्या हिशेबात नवजात बाळाला मोठ्या माणसाच्या दुप्पट प्राणवायू लागतो, आणि छातीतला साठा मात्र तुटपुंजा. मोठा माणूस भुलीत श्वास थांबल्यावर दोन-तीन मिनिटं निभावून नेतो, तिथे बाळ अर्ध्या मिनिटात निळं पडायला लागतं. त्यात जीभ मोठी, मान आखूड, स्वरयंत्र वर आणि पुढे. श्वासनलिका जेमतेम चार सेंटिमीटर. तीन किलोच्या बाळाच्या ओठाशी नळीवरचा ९ चा आकडा यायला हवा. नळी एक-दीड सेंटिमीटर आत सरकली की ती उजव्या फुफ्फुसात जाते आणि डावं उपाशी राहतं. म्हणून नळी घातल्यावर भूलतज्ज्ञ आधी दोन्ही बगलांत स्टेथोस्कोप लावून ऐकतो आणि मग चिकटपट्टी मारतो. त्या बाळाच्या अंगात रक्त सगळं मिळून सुमारे अडीचशे मिलिलिटर, चहाच्या दोन-तीन कपांइतकं. दोन गॉज भिजून निघाले तर तोही हिशेब मांडावा लागतो.

निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ ला संपली तेव्हा मराठवाड्यात एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. औरंगाबादचं १९५६ साली निघालं, शेजारच्या सोलापूरचं १९६३ साली, अंबाजोगाईचं १९७४ साली. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, मधोमध राहिला. माणसांनी आपापल्या वाटा पाडून घेतल्या. कळंबचा पेशंट अंबाजोगाईला, परंडा-भूमचा बार्शीला, तुळजापूरचा सोलापूरच्या सिव्हिलला, उमरग्याचा लातूरला, सोलापूरला किंवा सरळ कलबुर्गीला. जिल्ह्याचं आरोग्य असं जिल्ह्याबाहेरच्या गावांत वाटलं गेलं, आणि ती सवय अजून मोडलेली नाही.

त्या काळातल्या तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरात लहान मुलाची भूल म्हणजे ओपन ईथर. तारेची घुमटीसारखी जाळी, तिच्यावर गॉजच्या घड्या, ती नाकातोंडावर धरून वरून थेंब थेंब ईथर. पोरगं आधी श्वास कोंडतं, मग खोकतं, मग धडपडतं, आणि बऱ्याच वेळाने शांत होतं. उठल्यावर उलट्या. वास घरी जाईपर्यंत केसांत. तरी ईथरला नावं ठेवायला मी धजणार नाही, कारण ते सोशिक औषध होतं. श्वास लवकर दाबत नसे, रक्तदाब सांभाळून घेई, आणि बाटली धरणारा कंपाउंडर असला तरी बरंच माफ करी. शिकलेल्या माणसाची उणीव त्या औषधाच्या स्वभावाने भरून काढली होती.

सत्तरच्या दशकात केटामाइन आलं आणि ग्रामीण भूलशास्त्र त्याने पार बदलून टाकलं. मांडीत एक इंजेक्शन, तीन-चार मिनिटांत काम सुरू. ना सिलिंडर, ना बॉईल्स मशीन, ना नळी. श्वास बहुतेक वेळा चालू राहतो. लाळ मात्र फार सुटते, म्हणून बरोबर अ‍ॅट्रोपिन. बाहेर बसलेल्या आईला भीती वाटे ती वेगळीच. पोराचे डोळे उघडे, बुबुळं हलतायत, हाक मारली तर ओ नाही. हाडं बसवणं, भाजल्याचं ड्रेसिंग, आंतरगळ, बैलाच्या शिंगाने फाटलेलं पोट, हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी याच औषधावर निघालं. ज्याला नुसत्या केटामाइनवर भागत नाही ते बाळ मात्र पाठवून द्यायचं. शौचाची जागाच नसलेलं, अन्ननलिका अर्ध्यात बंद असलेलं, पाठीवर फोड घेऊन जन्मलेलं. यातली किती पोचली आणि किती वाटेतून परत नेली, याची नोंद दवाखान्यात राहत नसे.

अशा बाळांसाठी जगात वेगळी साधनं तयार होत होती. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या फिलिप एअर यांनी १९३७ साली फाटलेल्या ओठांच्या बाळांसाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा साधा तुकडा वापरात आणला. ते स्वतःच दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मले होते. १९५० मध्ये लिव्हरपूलच्या जॅक्सन रीस यांनी त्याला शेपटीकडून उघडी असलेली छोटी रबरी पिशवी जोडली. पिशवी दोन बोटांत धरली की बाळाचा श्वास हाताला कळतो. छाती ताठर झाली, नळी अडकली, तर डोळ्याआधी बोटांना कळतं. आजही आपल्याकडच्या भूलतज्ज्ञाच्या बॅगेत जुन्या टेलिफोनच्या वायरसारखं गुंडाळलेलं ‘जेआर सर्किट’ असतंच. झडप नाही, वीज नाही, बिघडायला काही नाही.

याच रीस यांच्या पद्धतीतून एक वाईट सवयही रुजली. नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे पाडणारं औषध एवढ्यावर नवजात बाळाचं ऑपरेशन उरकायचं. वेदनाशामक नको, कारण बाळाला दुखतं कुठे, त्याच्या नसा अजून कच्च्या! ही समजूत लंडन-बोस्टनच्या मोठमोठ्या इस्पितळांत होती, त्यामुळे आपल्या तालुक्याच्या डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. ती मोडली इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी. ऑपरेशनहून परतलेली कमी दिवसांची बाळं राखेच्या रंगाची का दिसतात, हा त्यांचा साधा प्रश्न. १६ बाळांपैकी निम्म्यांना त्यांनी भुलीबरोबर फेंटानिल दिलं. ज्यांना दिलं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी वाढली आणि नंतरच्या गुंतागुंतीही जास्त झाल्या. हा अभ्यास १९८७ साली लॅन्सेटमध्येच छापून आला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी निजामाचे पौंड गेले होते तेच साप्ताहिक.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीइतकंच सास्तूरही जमीनदोस्त झालं. त्यानंतर या भागात जी कामं उभी राहिली त्यांतलं सास्तूरचं स्पर्श ग्रामीण रुग्णालय टिकलं. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या ‘हॅलो’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या. भुलीशी याचा थेट संबंध नाही. पण बाळात काही वेगळं आहे हे पहिल्या आठवड्यात कुणाला तरी दिसावं लागतं, आणि ती नजर भूलतज्ज्ञाची नसते, गावातल्या बाईची असते.

फाटलेल्या ओठाचंच पाहा. आपल्याकडे त्याचा दोष ग्रहणाला जातो. गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरली, म्हणून. सासू सुनेला बोल लावते आणि बाळ घरात लपवून ठेवते. पुढे लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांच्याकडे ‘स्माइल ट्रेन’च्या मदतीने ही ऑपरेशनं मोफत व्हायला लागली तसे आसपासच्या जिल्ह्यांतले पालक बाळं घेऊन निघाले. तिथे दहाचा नियम आडवा आला. दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, दहा ग्रॅम हिमोग्लोबिन. वय आपोआप भरतं. उरलेले दोन दहा मात्र ज्या बाळाला दूध नीट ओढताच येत नाही त्याला भरायला महिनेच्या महिने लागतात. ‘वाटी-चमच्याने पाजा, वजन वाढवून आणा,’ असं सांगून परत पाठवलेली आई हिरमुसते. सर्जन तयार, खाट तयार, मग हा भूलवाला कोण अडवणारा? तो अडवतो कारण आठ ग्रॅम हिमोग्लोबिनच्या बाळाकडे श्वास चुकला तर खर्चायला शिल्लक काही नसतं. त्याच्या कामाचा हा भाग कुणाला दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हाच.

२०११ साली आजारी नवजात बाळाचा सरकारी उपचार आणि वाहतूक मोफत झाली. ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणीच्या गाड्या वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीव गांधी जीवनदायी योजना, आजची महात्मा फुले योजना, सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. पुढच्या जानेवारीत १०८ रुग्णवाहिका आली. हृदयाला छिद्र, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू, हे शब्द पहिल्यांदाच गावच्या यादीत चढले. खर्चाची अडचण पुष्कळ सुटली. बाळाच्या तळपायाला चिकटवायचा पल्स ऑक्सिमीटरही एव्हाना सगळीकडे झाला होता. त्याची टिकटिक प्राणवायू घसरला की खालच्या पट्टीत जाते, त्यामुळे पाठ वळवून इंजेक्शन भरणाऱ्यालाही ऐकू येतं. लॉरी ज्यासाठी डोळे लावून बसायला सांगत होते ते आता कानाने होतं.

माणसाचं मात्र तसं झालं नाही. ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत भूल शिकवायचं ठरलं, पण ते बाळंतिणीच्या सिझरपुरतं. त्याने आया वाचल्या, आणि ते थोडं नाही. पण १८ आठवडे शिकलेल्याने अडीच किलोच्या बाळाला नळी घालावी अशी अपेक्षा कुणी करत नाही, करूही नये. २०१८ साली नीती आयोगाने उस्मानाबादला आकांक्षित जिल्ह्यांत घेतलं तेव्हाही लहान मुलांच्या भुलीची मदार होती ती गाडीच्या डिकीत सामान टाकून या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरणाऱ्या खासगी भूलतज्ज्ञांवर. अडीच, तीन, साडेतीन नंबरच्या नळ्या ते स्वतःच्या बॅगेत ठेवतात, कारण पोचल्यावर तिथे असतीलच याची खात्री नसते.

शेंगदाणा अडकलेलं पोर हे त्यांचं जुनं दुखणं. मळणीच्या, खळ्याच्या दिवसांत दीड-दोन वर्षांचं मूल खाता खाता हसतं किंवा रडतं, दाणा श्वासनलिकेत उतरतो, ओल धरून फुगतो. दुर्बीण घालून तो काढायचा तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही एकाच अरुंद वाटेने काम करायचं असतं, एकाला दाणा काढायला आणि दुसऱ्याला श्वास द्यायला. हे सोलापूरलाच करावं लागतं. सत्तरेक किलोमीटर. दाण्याचं बाळ बसवून, रडू न देता न्यायचं; अन्ननलिका बंद असलेलं बाळ डोकं उंच ठेवून, तोंडातली लाळ दर थोड्या वेळाने ओढत, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, ऊब धरून. थंड पडलेलं बाळ पोचल्यावर भूल झेपत नाही, मग आधी ते गरम करण्यात वेळ जातो.

अलीकडे पालक एक प्रश्न हमखास विचारतात, भुलीने डोकं मंद होतं का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ अखेरीस तीन वर्षांखालच्या मुलांना लांबलचक किंवा वारंवार भूल देण्याबद्दल इशारा दिला, तो फोनाफोनीत गावापर्यंत आला. मग २०१९ साली उत्तर मिळालं. सात देशांत आंतरगळाचं ऑपरेशन झालेल्या ७२२ तान्ह्या बाळांपैकी काहींना पूर्ण भूल, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. पाचव्या वर्षी दोन्ही गटांची बुद्धी सारखीच निघाली. तासाभराच्या एका भुलीपुरतं तरी घाबरण्याचं कारण नाही. घाबरायचंच तर पहाटे आजीने ‘लेकराचा घसा सुकतोय’ म्हणून गुपचूप पाजलेल्या दुधाला घाबरावं. आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पोटातलं दूध भुलीत फुफ्फुसात उतरलं तर पुढचं निस्तरायला व्हेंटिलेटर लागतो.

२०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या लाटेत प्राणवायूची ओरड चालू असताना कळंब तालुक्यात चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून ऑक्सिजन तयार केला. उसाच्या कारखान्यातून सिलिंडर भरून निघालेले जिल्ह्याने पाहिले. २०२२-२३ पासून जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. आता हिशेब मांडू. पहिल्या तुकडीतला विद्यार्थी इंटर्नशिप उरकून २०२८ च्या सुमारास डॉक्टर होईल. त्यातल्या कुणाला भूलशास्त्र घ्यावंसं वाटलं, तर आणखी तीन वर्षं, म्हणजे २०३१. लहान मुलांच्या भुलीत हात बसायला वाडिया रुग्णालयासारख्या ठिकाणी वर्ष-दोन वर्षं काढावी लागतील. मग तो इथे परत आला, आणि बालशल्यविशारद आणि रात्रभर बाळाजवळ बसणारी नर्सही त्याला मिळाली, तर सोलापूरची फेरी चुकेल. तोवर १०८ च्या ड्रायव्हरला तुळजापूरचा बायपास पाठ आहे.