जुनी नाणी आणि त्यांचा ठावठिकाणा

१८९१ साली बंगळूरजवळ यशवंतपूर येथे लोहमार्गाचे काम चालू असता चांदीची १६३ रोमन नाणी सापडली. पहिल्या शतकात हिंदुस्थानातील मालापायी रोमचा पैसा इकडे वाहत असे, हे प्लिनीच्या तक्रारीवरून विद्वानांना ठाऊक होते. पण हा ओघ किनारा सोडून म्हैसूरच्या पठारावर पोचला होता, याची साक्ष या नाण्यांनी दिली.

नाणी एकत्र राहिली म्हणूनच ही साक्ष टिकली. ठेव्यात ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्याबरोबर क्लॉडियसचेही नाणे असेल, तर तो इ. स. ४१ च्या आधी पुरलेला नाही, हे उघड होते. कारण क्लॉडियस त्या वर्षी गादीवर आला. तीच नाणी दहा सराफांकडे विखुरली असती, तर प्रत्येक नाणे म्हणजे जेमतेम चार मासे चांदी! जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सरकारास कळवावा, असा १८७८ चा कायदा आहे. सापडणाऱ्यास तो जाचक वाटतो, हेही खरे.

संग्राहकाची बहुतेक नाणी मात्र बाजारातून येतात. बंगळूरच्या टाकसाळीत पाडलेला टिपू सुलतानाचा तांब्याचा पैसा पाहावा. एका बाजूस हत्ती आणि सालाचे आकडे. नवखा ते ५१२१ असे वाचून चक्रावतो. वस्तुतः ते उजवीकडून वाचायचे असतात. मौलूदी सन १२१५, म्हणजे इ. स. १७८७ चा सुमार. गिऱ्हाईक हत्तीवर भाळते. जाणता नाणे उलटून टाकसाळीचे नाव शोधतो, कारण टिपूच्या टाकसाळी अनेक होत्या आणि हत्ती बहुतेकींचा सारखाच.

एके काळी शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात जुनी मराठी घराणी आहेत. अशा घरी एखादी शिवराई निघाली, की हात प्रथम चिंचेकडे जातो. तांबे लखलखते खरे, परंतु त्यावर धरलेला काळपट थर जातो आणि ‘छत्रपति’ ही झिजलेली अक्षरे आणखी पुसट होतात. अनुभवी संग्राहक नाण्याला पाण्यापलीकडे काही लावत नाही. ते कोठे, केव्हा आणि आणखी कोणत्या नाण्यांबरोबर मिळाले, एवढे लिहिलेली चिठ्ठी तो पुडीत घालतो. पुढे नाणे विकले गेले, तर तीही त्याबरोबर जाते. घेणारा पुष्कळदा नाणे तेवढे ठेवून चिठ्ठी फेकून देतो.