जन्म आणि पेशा : एका सोंगाच्या खेळाची ओळख

बहुरूपी दारात आला की घरातली पोरे आधी घाबरत आणि मग हसत. अंगात खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात छडी, आणि तोंडी घरधन्याला धरून नेण्याची भाषा! क्षणभर मोठी माणसेही बिचकत. आज फौजदार होऊन आलेला तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत साधू होऊन येई. आपला आवाज कसा, अंगलट कशी, गाव कोणते, हे सारे पाहून तो सोंग ठरवी. सोंग निवडणे हीच त्याच्या विद्येची पहिली पायरी होती.

ज्या खेळाविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत, त्याचा आरंभही याच प्रश्नाने होतो. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. म्हणजे भुयारे आणि आग ओकणारे अजस्र सर्प. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला, आणि विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने तो बाहेर पडला. आज पुण्या-मुंबईची तरुण मंडळीही तो खेळतात. नाव परके असले तरी खेळाचे मर्म आपल्याला परके नाही, हे थोड्या वेळात दिसून येईल.

खेळाला चारपाच माणसे, कागद, पेन्सिल आणि फासे एवढे पुरते. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे आपापले पात्र त्या प्रसंगात काय करील ते सांगतात. जेथे यश येईल की अपयश हे ठरत नाही, तेथे वीस पैलूंचा फासा टाकून निकाल लावायचा. कोणी कोणाला हरवायचे नसते. सर्वांनी मिळून संकटातून वाट काढायची असते.

समजा, सूत्रधाराने प्रसंग आपल्याच जिल्ह्यात योजला. लोणारच्या विवराच्या काठावर चारजण सायंकाळी उभे आहेत. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो प्रचंड खळगा, तळाशी खारे पाणी, उतारावर दाट झाडी आणि झाडीत जुनी देवळे. ज्या लवणासुराला विष्णूने मारले असे आपण पुराणात ऐकतो, तो मेलेलाच नाही अशी वार्ता आहे. आता हे चारजण कोण असावेत?

येथे प्रत्येक खेळाडूला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला, आपले पात्र कोणत्या वंशात जन्मले? दुसरा, त्याचा पेशा कोणता? वंश म्हणजे येथे कल्पित जीवजाती. मानव तर आहेच. शिवाय दीर्घायुषी, अरण्यप्रिय एल्फ आहेत. डोंगराच्या पोटात राहून धातूकाम करणारे बुटके, काटक ड्वार्फ आहेत. आणि दैवाची साथ लाभलेले इवलेसे हाफलिंग आहेत. पेशे म्हणाल तर योद्धा, मांत्रिक, देवाचा उपासक, कुलपे आणि चोरवाटा जाणणारा असे आहेत. मूळ पुस्तिकांत तीनच पेशे होते. २०२४ च्या मुख्य पुस्तकात ते बारा आहेत.

याखेरीज प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि दुसऱ्यावर पडणारी छाप. जुन्या पद्धतीत प्रत्येक गुणासाठी साधे सहा पैलूंचे तीन फासे टाकून बेरीज घेत. तीन फाशांचे २१६ प्रकारचे डाव पडू शकतात. त्यांपैकी अठराची बेरीज एकाच डावात येते. म्हणून अठरा बळाचा भीम क्वचितच जन्मतो. बहुतेक पात्रे तुमच्याआमच्यासारखी दहा-अकराच्या घरातली असतात.

नवशिक्याने निवड कशी करावी? आमचा सल्ला असा की पेशा आधी ठरवावा आणि वंश मागाहून. संकट समोर आले तर आपल्याला काय करायला आवडेल, हे स्वतःला विचारावे. पुढे होऊन घाव झेलणे आवडत असेल तर योद्धा व्हावे. कोडी उलगडण्याची हौस असेल तर मांत्रिक व्हावे. मात्र मांत्रिक अंगाने नाजूक असतो, हे विसरू नये. नंतर सोबत्यांकडे पाहावे. लोणारच्या काठावर चौघेही मांत्रिक असतील तर असुराच्या पहिल्याच तडाख्यात खेळ आटोपायचा. जखमा बऱ्या करणारा उपासक आणि देवळाखालचे भुयार उघडणारा कोणी बरोबर हवा. शेवटी, पात्रात एखादा गुण मुद्दाम उणा ठेवावा. ज्याची छाप पडत नाही अशा योद्ध्याला पुजाऱ्याकडून किल्ली मागायची वेळ आली, की खरी गंमत सुरू होते.

आता वंशाचा या साऱ्यावर किती परिणाम होतो? २०१४ च्या पुस्तकात काही वंशांना काही गुणांत दोनची भर मिळे. ड्वार्फला काटकपणात, एल्फला चापल्यात. गुण दोनाने वाढला की फाशाच्या अंकात एकाची वाढ होते. बुद्धी चौदा असेल तर फाशात दोन मिळवायचे, सोळा असेल तर तीन. एखाद्या कामाला पंधरा हवे असतील, तर पहिल्याला फाशावर तेरा किंवा अधिक लागतात आणि दुसऱ्याला बारा किंवा अधिक. पहिल्याचे आठ पैलू यशाचे, दुसऱ्याचे नऊ. म्हणजे जन्माने दिलेली देणगी वीस पैलूंतील एका पैलूएवढी! तरीही त्या एका पैलूच्या लोभाने खेळाडू ठराविक वंशाला ठराविक पेशाच देत. फरक लहान, पण वहिवाट मोठी.

शिवाय हा फरक पूर्वी इतका लहान नव्हता. १९७४ च्या नियमांत ड्वार्फला योद्धाच व्हावे लागे, आणि तोही सहाव्या पायरीपर्यंतच चढू शके. मानवाला अशी मर्यादा नव्हती. १९७८ च्या पुस्तकात तर स्त्री-पात्राच्या बळालाही पुरुषापेक्षा कमी कमाल मर्यादा घातलेली होती. १९८९ च्या आवृत्तीत ती गेली. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग हे स्वतःच पेशे ठरले. जन्म झाला की पेशा ठरला. २००० साली कोणत्याही वंशाला कोणताही पेशा आणि सर्व पायऱ्या खुल्या झाल्या. २०२० साली जन्माने मिळणारे गुण हवे तेथे लावण्याची मुभा आली. आणि २०२४ च्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्दच काढून त्याजागी ‘जीवजाती’ या अर्थाचा शब्द आला, आणि गुणांची भर जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्यावरून मिळू लागली. पात्र पूर्वी शेतकरी असेल तर ती भर बळ, काटकपणा आणि शहाणपण यांत पडते. मग ते एल्फ असो की ड्वार्फ. काहीजण जुन्या नियमांची बाजू घेतात. ते म्हणतात, वंशावंशांत फरकच नसेल तर वेगवेगळे वंश ठेवायचे कशाला? हा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हे. पण फरक असणे वेगळे आणि फरकावरून दार बंद करणे वेगळे. ड्वार्फला आजही अंधारात दिसते; फक्त त्याने मांत्रिक होऊ नये असे आता कोणी म्हणत नाही.

अमेरिकेतील एका खेळाने हे शिकायला पन्नास वर्षे घेतली, याचे आम्हाला हसू येत नाही. कारण ती १९७४ ची पुस्तिका आपल्याला वाचल्यासारखी वाटते. सुताराच्या मुलाने सुतार व्हावे, कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, आणि ज्यांच्या वाट्याला गावाबाहेरची कामे आली त्यांनी पिढ्यान् पिढ्या तीच करावी, हा आपला नियम होता. त्याने फाशाचा एकच पैलू हिरावला नाही; कित्येकांच्या हाती फासाच येऊ दिला नाही. आणि प्रारंभी सांगितलेल्या बहुरूप्याची गोष्ट तर विलक्षणच. दारोदार फौजदार होणाऱ्या त्या माणसाला बहुरूपीपण मात्र बापाकडून आलेले. जगातले कोणतेही सोंग त्याला घेता येई, पण स्वतःचा पेशा निवडता येत नसे.

याच भूमीत उलट दिशेचे उदाहरणही आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडे रचली, ती जोश्याच्या, गोंधळ्याच्या, वासुदेवाच्या तोंडची. ‘जोहार’ म्हणणारा महारही त्यांत आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या कवीने दुसऱ्याच्या जागी उभे राहून बोलावे, आणि ऐकणाऱ्यांनीही काही वेळ तेथे उभे राहावे, ही त्या रचनेची खूण आहे. भारुडाने जातीचे नियम मोडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण घटकाभर घेतलेले सोंगही माणसाला दुसऱ्याच्या पायातला काटा दाखवू शकते, एवढे त्याने निश्चित सिद्ध केले.

म्हणून सुटीत घरची मुले हा खेळ मांडून बसली तर त्यांना ‘रिकामे उद्योग’ म्हणून उठवू नये. जमले तर स्वतःही एक पात्र घ्यावे. मूल म्हणेल, ‘बाबा, मी ड्वार्फ आहे, पण मला मांत्रिक व्हायचे आहे.’ जुने पुस्तक हाती असेल तर त्यात या गोष्टीला परवानगी नसेल. अशा वेळी पुस्तक मिटावे आणि त्याला विचारावे, ‘मग पहिला मंत्र कोणता शिकणार?’