संगणकाची खूण म्हणजे निदान नव्हे

मॅमोग्रॅमनंतर "संगणकाला काही तरी दिसलंय, पुन्हा या" असा फोन आला की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. काही दिसले नाही तर सगळे निर्धास्त होतात. दोन्ही घाईचे आहे. मी डॉक्टर नाही, प्रोग्रॅमर आहे. म्हणून हे यंत्र काय करते तेवढे सांगतो.

संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. त्यात तो मुख्यतः दोन गोष्टी शोधतो: कॅल्शियमचे मिलिमीटरहून बारीक कण एका जागी दाटलेत का, आणि एखाद्या गाठीच्या कडेतून किरणांसारख्या रेषा फुटल्यात का. संशयाला तो गुण देतो. किती गुणांवर खूण करायची, हे माणसाने ठरवलेले असते. ती मर्यादा खाली आणली तर कॅन्सर सुटण्याची शक्यता घटते, पण निरोगी स्त्रियांनाही उगाच बोलावणी जातात. वर नेली तर उलट.

अमेरिकेत अशा पहिल्या यंत्रणेला एफडीएने १९९८ साली परवानगी दिली. पुढे २००७ व २०१५ सालच्या मोठ्या अभ्यासांत तिच्यामुळे निदान सुधारल्याचे दिसले नाही. असंख्य चित्रांवरून शिकणाऱ्या नव्या यंत्रणा अधिक आशादायक आहेत. स्वीडनमध्ये ८०,०३३ स्त्रियांच्या चाचणीत (२०२३) नव्या पद्धतीने हजारी ६.१ कॅन्सर सापडले, नेहमीच्या पद्धतीने ५.१. डॉक्टरांचे चित्रवाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले; अंतिम निर्णय मात्र डॉक्टरांचाच होता.

आता आपल्यापुरते:

१. ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी तपासणी करावी, अशी २०२४ सालची सरकारी तज्ज्ञगटाची शिफारस आहे. धोका अधिक असल्यास डॉक्टरांना विचारा.

२. जुनी चित्रे, भारतात काढलेलीसुद्धा, बरोबर न्या. जुन्या-नव्याची तुलना फार उपयोगी पडते.

३. स्तनाची घनता किती, हे सप्टेंबर २०२४ पासून रिपोर्टबरोबर कळवावेच लागते. घन भाग व गाठ दोन्ही पांढरी दिसतात, त्यामुळे गाठ लपू शकते.

४. नेहमीची तपासणी बहुतेक विम्यांत मोफत असते. पुढच्या चाचण्यांना पैसे पडू शकतात, आणि काही केंद्रे संगणकीय तपासणीची वेगळी फी घेतात. सही करण्याआधी विमा कंपनीला विचारा.

आणि हाताला गाठ लागली तर रिपोर्ट स्वच्छ असला तरी थांबू नका. लगेच डॉक्टरांची वेळ घ्या.