यादीत नसलेलं नाव कोण शोधणार? (एपिसोडचं लेखी रूप)

आपल्या ताज्या एपिसोडचं हे लेखी रूप. ज्यांच्या इअरफोनचा एकच कान चालतो किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी खास. बोलताना जिथे घाई झाली तिथे जरा सावकाश लिहिलंय.

विषय साधा आहे. सरकारी योजनेचा पैसा आणि सरकारी खर्चाने होणारा उपचार बरोबर माणसापर्यंत पोचतो की नाही, हे कोण बघतं? आणि बघतं म्हणजे नेमकं काय करतं? देवपुरात कुठल्याही बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राबाहेर दहा मिनिटं उभे राहा. 'पैसा उनात का?' हा प्रश्न कानावर पडणारच. उत्तर 'नाही' असेल तर पुढचा प्रश्न येतो, 'का नाही?' त्याचं उत्तर मात्र केंद्रावाल्याकडेही नसतं. आजचा एपिसोड त्या 'का'बद्दल आहे.

चूक दोन प्रकारची असते

कुठल्याही लाभार्थी यादीत दोन चुका होऊ शकतात. पहिली, ज्याला मिळायला नको तो आत येतो. दुसरी, ज्याला मिळायला हवं तो बाहेर राहतो. पहिल्या चुकीत सरकारचा पैसा जातो. दुसरीत कुणाचं तरी औषध, कुणाचा तरी किराणा जातो. आता हे दोन्ही डोक्यात ठेवा, कारण पुढे जे जे सांगणार आहे त्यात एकच गोष्ट तपासायची आहे: ही देखरेख कुठली चूक पकडते?

लाडकी बहीण: दोन टेबलं जुळवण्याचा खेळ

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि जुलैपासून लागू झाली. महिन्याला १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. घरात ट्रॅक्टर चालेल, पण चारचाकी गाडी नको, प्राप्तिकर भरणारा नको. सुरुवातीला अर्ज भराभर मंजूर झाले. खरी तपासणी नंतर सुरू झाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं. त्यात २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या, १ लाख १० हजार ६५ वर्षांच्या वरच्या होत्या. बाकीच्या १ लाख ६० हजारांमध्ये घरी चारचाकी असलेल्या, दुसऱ्या योजनेतल्या आणि स्वतःहून नाव काढून घेतलेल्या महिला होत्या. मग जुलै २०२५ मध्ये मोठा आकडा आला: २६ लाख ३४ हजार. यांचा हप्ता जून २०२५ पासून तात्पुरता थांबवला गेला. साधारण सव्वादोन कोटी बहिणींचा हप्ता सुरू राहिला. म्हणजे अंदाजे दहातली एक थांबली. काही ठिकाणी पुरुषांनीच अर्ज केल्याचंही याच तपासणीत बाहेर आलं.

हे सापडलं कसं? मी रोज हेच काम करतो, त्यामुळे सांगायला सोपं आहे. तुमच्याकडे एक टेबल आहे, लाडक्या बहिणींचं. दुसऱ्या खात्याकडे दुसरं टेबल आहे, गाड्यांच्या नोंदणीचं किंवा निराधार योजनेचं. आधार नंबर किंवा नाव धरून दोन्ही जुळवायची. जिथे जुळलं तिथे लाल खूण. एका क्वेरीचं काम, आणि सरकारचा खूप पैसा वाचतो. ही तपासणी व्हायलाच हवी, यात वाद नाही.

पण लाल खूण म्हणजे संशय. निकाल नव्हे. उदाहरण घ्या. योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. आपल्याकडे रेशन कार्डावर मात्र सासरे, दीर, जाऊ असा सगळा गोतावळा असतो. दिराने हप्त्यावर गाडी घेतली, तर वहिनीचा हप्ता जाणार का? हे कॉम्प्युटरला कळत नाही. म्हणूनच चारचाकीची पडताळणी करायला अंगणवाडी सेविकांना घरोघरी जावं लागलं. नावांचीही तीच गत. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत कुणी 'डी'ने लिहितं, कुणी 'जी'ने. माणूस एकच, पण मशीनसाठी दोन.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. दोन महिन्यांची मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. या फॉर्ममध्ये बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही लागत होतं, आणि त्या नंबरवर ओटीपी जायचा. आता ज्या बाईचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत, तिने काय करायचं? फॉर्म भरताना ती तिथेच अडकली. नंतर त्यावर तोडगा निघाला, की मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचे. बरं झालं. पण बघा, जिला या पैशाची सर्वात जास्त गरज, तीच आधी अडकली. फॉर्म बनवताना 'हा रकाना सक्तीचा' अशी एक टिक कुणीतरी केली, आणि त्या टिकेने ठरवलं की कोण आत आणि कोण बाहेर.

दवाखान्याचं काय?

आता आरोग्याकडे येऊ. इथे धुळ्याचा मान आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत धुळे होतं. सोबत गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पुढे २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि नंतर ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आता वर्षाला एका कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचा उपचार बिनपैशांचा.

पैसा कसा फिरतो ते समजून घ्या. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. तो रेशन कार्ड आणि ओळखपत्र बघून नोंद करतो. दवाखाना ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतो. उपचार होतो, पेशंट घरी जातो, मग दवाखाना बिलाचा दावा अपलोड करतो. डॉक्टर लोक ते कागद तपासतात आणि पैसे दवाखान्याच्या खात्यात जातात. म्हणजे देखरेखीचे सगळे डोळे दाव्यावर लागलेले असतात.

हे डोळे किती बारीक बघतात, ते ऑगस्ट २०२३ मध्ये देशाला कळलं. कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, यांचा आयुष्मान भारतवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात होतं की ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले आहेत, आणि तो नंबर म्हणजे दहा वेळा ९! अजून १ लाख ३९ हजार ३०० जणांचा नंबर दहा वेळा ८. रकाना सक्तीचा होता, नंबर हाताशी नव्हता, म्हणून ऑपरेटरने बोट ठेवून दाबत राहिला असणार. आधीच्या उपचारात मृत्यू झाल्याची नोंद असलेल्या रुग्णांच्या नावावर नवे उपचार दाखवून दावे मंजूर झाल्याचंही अहवालात होतं.

सरकारचं उत्तरही ऐका. आरोग्य मंत्रालय म्हणालं, की मोबाईल नंबरवरून पात्रता ठरतच नाही, तो फक्त संपर्कासाठी आहे. आणि भरती झाल्यावर तीन दिवसांपर्यंत पूर्वमंजुरी मागता येते, त्यामुळे तारखा पुढेमागे दिसतात. नंबरवरून पात्रता ठरत नाही, हे मान्य. पण संपर्काचा नंबरच खोटा असेल, तर 'तुमच्या नावावर इतक्या हजारांचा उपचार झाला' हा मेसेज कुणाकडे जाणार? पेशंट हा सर्वात स्वस्त आणि सर्वात चांगला ऑडिटर असतो. त्याचा नंबर खोटा टाकला, की तो डोळा मिटला.

जे सिस्टिममध्ये आलंच नाही

आता मुख्य मुद्दा. कॅगचं ऑडिट असो की दोन टेबलांची जुळवणी, दोन्ही नोंदींवर चालतात. नोंद असेल तरच ती खोटी आहे का ते तपासता येतं. पण एखादी आजी नातवाला घेऊन दवाखान्यात गेली, काउंटरवरच्याने 'योजना बंद आहे' किंवा 'हे ऑपरेशन त्यात बसत नाही' म्हटलं आणि ती परत फिरली, तर तिची नोंद कुठे? कुठेच नाही. दावा नाही, म्हणजे तपासणी नाही. ऑफिसच्या स्क्रीनवर त्या दिवशी सगळं हिरवं दिसतं.

म्हणजे कॉम्प्युटरची देखरेख पहिली चूक पकडायला तरबेज आहे, दुसरीला मात्र जवळजवळ आंधळी. दुसरी चूक पकडायला माणसांनाच विचारावं लागतं.

आणि हे आपल्या खान्देशात झालंय. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. महाराष्ट्रात त्यासाठी सुरुवातीला पाच जिल्हे निवडले: पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि आपलं नंदुरबार. राज्य पातळीवर समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं. पद्धत अशी. गावातल्या समितीने लोकांना विचारायचं: नर्सबाई येतात का? औषध मिळतं की चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला लावतात? कुणी पैसे मागितले का? उत्तरांवरून आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक तयार करायचं, चांगलं, मध्यम, वाईट, प्रत्येकाला वेगळा रंग. वाचता येत नसलं तरी रंग कळतो. मग जनसुनवाई घ्यायची. अधिकारी समोर बसलेले, लोक उभं राहून बोलतात, आणि अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं.

काउंटरवरून परत गेलेली आजी अशा जनसुनवाईत बोलू शकते. कुठल्याही डेटाबेसमध्ये नसलेली नोंद तिथे तोंडी होते.

कायद्यातही याला जागा आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे लोकांनी स्वतः हिशेब तपासण्याचा, अधिकार दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षण आहे आणि कलम २९ मध्ये रेशन दुकानापर्यंतच्या दक्षता समित्या. अडचण एवढीच, की देवपूरसारख्या महापालिकेच्या भागात ग्रामसभा नसते. यादी चारचौघांत वाचून दाखवावी अशी जागाच शहरात नाही. त्यामुळे आपल्याला जरा जास्त हातपाय हलवावे लागतात.

मग फोन हातात असलेल्यांनी काय करायचं?

एक. हप्ता थांबला तर आधी बँक बघा. डीबीटीचा पैसा तुम्ही सांगाल त्या खात्यात जात नाही. आधारशी जे खातं सर्वात शेवटी जोडलं गेलं, त्यात तो जातो. सिम घेताना उघडलेलं विसरलेलं पेमेंट्स बँकेचं खातंही ते असू शकतं. २०१७ मध्ये अशाच एका पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांची गॅस सबसिडी त्यांच्या नकळत जमा झाली होती. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, आईचं आणि आजीचंही.

दोन. अपात्र ठरवलं असेल तर कारण लेखी मागा. तोंडी उत्तर चालत नाही. मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

तीन. दवाखान्यात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला शोधा. 'नाही' म्हणाले तर तिथूनच फोन लावा. फुले योजनेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५. तो फोन म्हणजे तक्रार तर आहेच, शिवाय जी नोंद झालीच नसती ती त्यामुळे होते. पैसे भरावेच लागले, तर पावती सोडू नका.

चार. कुणाचाही फॉर्म भरून देताना नंबर त्याचाच टाका. नंबर नसेल तर घरातल्या कुणाचा तरी खरा टाका. सायबर कॅफेवाल्याचा नको, आणि दहा वेळा ९ तर नकोच.

पाच. गाव ग्रामीण भागात असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा आणि लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचायला सांगा. यादीत कोण जास्तीचं आहे ते लोक हसून सांगतात. कोण राहिलंय ते सांगायला जरा वेळ लागतो. तेवढं थांबा.

सरकारने तपासणी करू नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. चोरी पकडलीच पाहिजे. फक्त सरकार दरवेळी 'इतके लाख अपात्र सापडले' असा आकडा जाहीर करतं, तेव्हा आपण दुसरा आकडा मागायचा: पात्र असून बाहेर राहिलेले किती सापडले? तो आकडा कुणी काढलाच नसेल, तर तपासणी अर्धीच झाली.

तुमच्या घरात कुणाचा हप्ता किंवा उपचार असा अडकला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव, नंबर सांगू नका, फक्त कुठल्या पायरीवर अडकलं ते सांगा. पुरेशा नोट्स आल्या तर पुढचा भाग त्यावरच करू. भेटूया.