दांतांची शस्त्रक्रिया आणि गुंगीचें भय

अक्कलदाढ बहुधा सतराव्या वर्षानंतर उगवूं लागते. जबड्यांत पुरेशी जागा नसली म्हणजे ती आडवी वाढून शेजारच्या दाढेस त्रास देते, आणि मग दंतवैद्य ती शस्त्रक्रियेनें काढण्याचा सल्ला देतात. अशा वेळीं पुष्कळांस शस्त्रापेक्षां गुंगीचेंच भय अधिक वाटतें. ‘आपण पुन्हा जागे होऊं ना?’ ही त्यांची शंका हंसण्याजोगी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तिचें निरसन माहितीनेंच होऊं शकतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हलकी गुंगी व पूर्ण बेशुद्धि या भिन्न गोष्टी आहेत. हिरडींत टोंचलेल्या औषधानें तेवढी जागा बधिर होते. गुंगीचें औषध मनाची धास्ती शमवितें. हलक्या गुंगींत रोगी स्वतः श्वास घेतो व हांकेस ओ देतो. बोटास लाविलेलें लहानसें यंत्र त्याच्या रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण सतत दाखवीत असतें.

या विद्येच्या आरंभीं एक दंतवैद्यच होता. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं होरेस वेल्स यानें १८४४ च्या डिसेंबरांत नायट्रस ऑक्साइड वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. प्राणवायूंत मिसळून तो वायु आजहि नाकावाटें देतात. तो बंद केल्यावर कांहीं मिनिटांतच त्याचा अंमल उतरतो.

शिरेंतून गुंगी द्यावयाची असल्यास मात्र पथ्य कडक असतें. गुंगींत घशाची स्वाभाविक राखण मंदावते, आणि पोटांतील अन्न उलटून फुप्फुसांत जाण्याचा संभव असतो. म्हणून सामान्यतः ६ तास अन्न व २ तास पाणीहि वर्ज्य करावयास सांगतात. सकाळीं एखादें बिस्किट खाल्लें गेलें असेल, तर रागावतील म्हणून तें लपवूं नये. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं करतां येते. दमा, झोपेंतील घोरणें, चालू असलेलीं औषधें, हेंहि सांगावें.

आईबापांनीं ‘कांहीं होत नाहीं’ एवढें म्हणून मुलास गप्प करूं नये. गुंगी कोण देणार व लक्ष कोण ठेवणार, हें त्याच्यासमक्ष विचारावें, आणि परततांना स्वतः सोबत असावें. विद्यार्थ्यांनींहि ‘मला भीति वाटते’ असें दंतवैद्यास निःसंकोच सांगावें. औषध व त्याची मात्रा ठरवितांना त्यास या माहितीचा खरोखर उपयोग होतो.