धास्तीला दुसरा अर्थ देताना

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापारी, हमाल, शेतकरी खेटून उभे राहतात. बोली लागते, भाव ठरतो, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. मार्च २०२०च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातला पहिला करोना रुग्ण याच लासलगावच्या परिसरात आढळला आणि रोजच्या या घोळक्याचीच धास्ती वाटू लागली. बाजारात उतरणाऱ्यांना किंवा दवाखान्यात ड्युटीवर जाणाऱ्यांना घरी बसून कसं चालणार? विषाणूसाठी मास्क होता. मनातल्या धास्तीचं काय करायचं?

‘धीर धर, चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस,’ असं आपण सहज सांगतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी हा उपाय प्रयोगशाळेत तपासला आणि १९९८मध्ये निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रियेची अंगावर येणारी फिल्म पाहताना ज्यांना भावना लपवायला सांगितलं, त्यांचे चेहरे शांत राहिले, पण शरीर अधिकच ताणलं गेलं. बोटांतल्या रक्तवाहिन्यासुद्धा आवळल्या. ज्यांनी तेच दृश्य आधीपासूनच तटस्थपणे, वेगळ्या नजरेने पाहिलं, त्यांना किळसही कमी वाटली आणि शरीराला ती किंमतही मोजावी लागली नाही!

हे महासाथीतही चालेल का? ८७ देश-प्रदेशांतल्या २१ हजारांहून अधिक लोकांवर संशोधकांनी ते करून पाहिलं. करोनाच्या बातम्यांतली छायाचित्रं दाखवण्याआधी काहींना परिस्थितीचा नव्याने अर्थ लावायला किंवा तिच्यातून काही चांगलं निघतं का ते शोधायला शिकवलं. शिकवणी अगदी छोटी होती. तरीही त्यांच्या नकोशा भावना कमी झाल्या आणि उमेद वाढली. हा निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या भाषा, इतक्या संस्कृती, आणि मनाची ही ताकद सगळीकडे दिसावी, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. घटना थेट भावना घडवत नाही, मधे आपला विचार असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून उपचारात आणलं. त्यांची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईत कि. मो. फडके यांनी रुजवली आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने ती अनेकांपर्यंत पोचवली.

समजा, पीपीई किट चढवताना एखाद्या सिस्टरच्या मनात येतं, ‘माझ्यामुळे घरच्यांना लागण झाली तर मी संपलेच.’ या पद्धतीचं प्रशिक्षण तिला हा विचार पकडायला शिकवतं. मग प्रश्न येतो: याला पुरावा काय? उत्तर साधारण असं घडतं: ‘धोका आहे, काळजी वाटणारच. किट नीट उतरवणं, हात धुणं माझ्या हातात आहे. बाकीचं सगळं नाही.’ काळजी उरते, पण ती सावध करणारी असते, हातपाय गाळणारी नसते.

अर्थात, अपुरं किट आणि सलग पाळ्या विचार बदलून सुटत नाहीत. तिथे किट आणि सुट्टीच हवी. कुणी फारच खचलं असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं. पण इंजेक्शन देणं शिकवतात तसंच विचार तपासणंही शिकवता येतं, हे आता आपल्याला माहीत आहे. मग नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात त्याचे तास पुढची साथ येण्याआधीच हवेत.