खेचरांचा रकाना

खेचराच्या पोटी खेचर जन्माला येत नाही. गाढव नर आणि घोडी यांच्यापासून खेचर होते. उलट जोडी असेल, म्हणजे घोडा आणि गाढवी, तर होणाऱ्या पिलाला हिनी म्हणतात. घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62, आणि या दोघांच्या संकरातून होणाऱ्यांची 63. या विषम संख्येच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून ही जनावरे जवळजवळ नेहमीच वांझ निघतात. हिनी तर फारच थोड्या, कारण घोड्यापासून गाढवी गाभण राहण्याचे प्रमाण कमी असते.

विदर्भात पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी केली, तेव्हा पशुगणनेचे तक्ते तपासणे माझ्याकडे असे. गाई-म्हशींचा आकडा हलला की वैरण, पाणी, बाजारभाव यांत कारण सापडायचे. खेचरांचा रकाना वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. देशात 2012 साली सुमारे 1 लाख 96 हजार खेचरे होती, 2019 साली 84 हजार राहिली. कुणीतरी ठरवून घोडी गाढवाला दाखवली तरच खेचर होते. घोडी जवळपास वर्षभर गाभण राहते, आणि पिलू ओझ्याला लागायला पुढे आणखी तीन-चार वर्षे जातात. एवढा धीर माणूस तेव्हाच धरतो, जेव्हा पुढची वीस वर्षे वाहायला ओझे असेल अशी त्याची खात्री असते.

निवृत्तीनंतर मुलीकडे त्रिनिदादला राहायचा योग आला. ऊस आता जवळपास संपला आहे, पण पोर्ट ऑफ स्पेनहून दक्षिणेला चागुआनास, कूव्हाकडे निघाले की एके काळी नजर पोहोचेल तिथवर ऊस होता हे सपाट जमीन पाहूनच कळते. तो ऊस लावायला, तोडायला 1845 ते 1917 या काळात सुमारे 1 लाख 44 हजार माणसे हिंदुस्थानातून करारावर नेली गेली. त्यांच्याबरोबर राबणाऱ्या जनावरांचा इतिहास मला तिथे शोधावासा वाटला.

त्रिनिदादच्या इस्टेटींना खेचरे बाहेरून आणावी लागत. समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली की व्हेनेझुएला. इंग्रजांनी 1797 मध्ये बेट घेतल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात इंग्रजी माल द्यायचा आणि त्या किनाऱ्यावरून खेचरे, गुरे घ्यायची, असा व्यापार जोरात चाले. पुढे अमेरिकेतूनही खेचरे येत. वाफेची यंत्रे येण्याआधी चरकालासुद्धा खेचरे जुंपत. नंतर ती गाड्यांना राहिली. जानेवारीपासून पावसाळा लागेपर्यंत तोडणी चाले, आणि तेवढ्या महिन्यांत शेतापासून काट्यापर्यंत ऊस पोचवायचा सारा भार या जनावरांवर असे.

कूव्हाजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांशी ओळख झाली. त्यांचा आजा इस्टेटीच्या तबेल्यात खेचरांकडे होता. अंधारात उठून वैरण टाकायची, जुंपण्याआधी मानेखालचा भाग हाताने चाचपायचा, कुठे सोलवटले असेल तर त्या दिवशी ते जनावर गाडीला लावायचे नाही, असा आजाचा नेम होता, असे त्यांनी सांगितले. चाचपायचे कसे ते त्यांनी हवेत बोटे फिरवून दाखवले. खांद्याची तीच जागा आम्हीही बैलाला पाहतो. हे शिक्षण कुठल्या महाविद्यालयात मिळत नाही, आणि ज्यांच्यापाशी ते होते त्यांची नावे कुठल्या तक्त्यात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून म्हशी आल्या. तिथल्या इस्टेटींवरच्या झेबू गुरांत क्षयरोग बोकाळला होता. त्यांच्या जागी चिवट जनावर हवे होते. मुऱ्हा, सुरती, जाफराबादी, निली, भदावरी आणि आमची नागपुरी! खांद्यापर्यंत मागे गेलेली तलवारीसारखी शिंगे असलेली ही म्हैस मी आयुष्यभर तपासली. तिचे रक्त कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर आहे हे कळल्यावर ऊर भरून आला. डॉ. स्टीव्ह बेनेट या त्रिनिदादच्या पशुवैद्यकाने या सगळ्या रक्तांतून मांसासाठी निवड करत नेली. त्या जातीला आज बफेलिप्सो म्हणतात.

म्हशीपुढे खेचर का मागे पडले असावे, हे पशुवैद्यक म्हणून मला स्पष्ट दिसते. म्हैस मोळासारख्या गवतावर भागवते, गाडी ओढते, म्हातारी झाली की मांसाला जाते, आणि मुख्य म्हणजे इस्टेटीवरच वासरू देते. खेचर मेले की नवे विकत आणावे लागे. पुढे ट्रॅक्टर आला तेव्हा म्हशीलाही दुसरे काम शोधावे लागले, पण तिची वासरे होत राहिली. खेचराला तो आधार नव्हता. 2003 साली कॅरोनी ही सरकारी साखर कंपनी बंद झाली, सुमारे नऊ हजार माणसांचा रोजगार गेला. गाड्यांचा जमाना त्याआधीच सरला होता.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना जनावरांचे 1961 पासूनचे देशवार आकडे देते. त्यात खेचर आणि हिनी यांचा एकच रकाना आहे. देशाकडून माहिती आली नाही की अंदाज भरला जातो, आणि तसे नमूदही केलेले असते. म्हणून लहान देशांच्या रकान्यात सरळ रेघ दिसली, तर तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी तो आकडा मोजलेला आहे की अंदाजाचा, हे पाहून घ्यावे.

खरी मोजणी असली तरी एक गोष्ट निसटते, ती म्हणजे वय. खेचर तीस वर्षे सहज जगते. पैदास आज थांबली तरी आकडा कित्येक वर्षे हळूहळूच उतरतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की अजून बरे चालले आहे. वय ओळखायला जनावराचा ओठ वर करून वरच्या जबड्यातला कडेचा पटाशीचा दात पाहावा. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी त्यावर उभी खाच उमटते, पंधराला अर्ध्यावर येते, विसाला टोकाला पोचते. खेचरात हा अंदाज घोड्याइतका नेमका नसतो, पण तरुण आणि म्हातारे एवढे नक्की कळते. मोजणाऱ्याने वयाचे दोनच गट लिहिले, दहाच्या आतले आणि वरचे, तरी पुढे काय होणार ते आकड्यांतच दिसेल. औषधांसाठीही हा रकाना वेगळा हवा. घोड्याच्या मात्रेने खेचराला पुरेशी गुंगी येत नाही, काही औषधे दीडपट लागतात. खेचरे किती हे ठाऊक नसेल तर दवाखान्यात साठा ठेवणार कसा?

हैतीच्या डोंगरात आणि क्यूबाच्या सिएरा माएस्त्रात आजही खेचरे ओझी वाहतात, कारण सगळ्या वाटा चाकाच्या नाहीत. त्रिनिदादमध्ये मात्र घोडे पाहायचे तर लोक अरिमाच्या सांता रोझा पार्कवर जातात. तिथे शर्यतीचे थरोब्रेड धावतात. त्यांतली घोडी खेचरासाठी गाढवाला दाखवायला कुठला मालक तयार होईल असे मला वाटत नाही.